तेवतीचं बारसं आणि भाग दोन

कुठल्याही सिनेमाचा दुसरा भाग येऊन जाईपर्यंत त्यातल्या नायिकेचं नाव घरातल्या मुलीला ठेवू नये. एवढं एकच वाक्य मोठ्या अक्षरांत छापून खडकीभर वाटावं असं माझ्या मनात होतं. पण आमच्या घरात आता माझं पत्रक कुणी हातात घेत नाही. (घरातले घेत नाहीत, तर खडकी कशाला घेईल.)

पत्रक हा माझा धंदा नाही, स्वभाव आहे. कॉलेजात असल्यापासून मी एका छोट्या संघटनेचं काम करते. बसथांब्याला छप्पर, नळाला पाणी, अभ्यासिकेला किल्ली. मागणी कुठलीही असो, मजकूर माझा. पत्रक चालता चालता वाचून झालं पाहिजे आणि वाचून झाल्यावर वाचणाऱ्याची चाल बिघडली पाहिजे, असं आम्हाला शिकवलं होतं. मी ते इतकं मनावर घेतलं की घरात दूध संपलं तरी मी फ्रिजवर निवेदन लावते.

तर ‘काळदरी’. पहिला भाग आम्ही बघितला तो दादाच्या हट्टामुळे. दादा खराडीत सॉफ्टवेअर कंपनीत आहे आणि आईबाबांना महिन्यातून एकदा तरी एसीत बसवलं पाहिजे असं त्याला वाटतं. आमचे बाबा दारूगोळ्याच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. आयुष्यभर जिथं काडी ओढायला बंदी तिथं नोकरी केल्यामुळे त्यांचा एकूण स्वभावच न पेटणारा. माझ्या दहावीच्या निकालावर ते “बरं” म्हणाले होते. दादाच्या नोकरीवर “बरं झालं” म्हणाले. तो त्यांचा आजवरचा उच्चांक.

सिनेमात एक दरी, दरीत एक राज्य आणि राज्याच्या टोकाला एक अजस्र दगडी दार. दाराच्या पलीकडे पाणी, अलीकडे दुष्काळ. दार फक्त राजरक्ताचा हात लागला तरच उघडतं, असं पिढ्यानपिढ्या सांगितलेलं. राजे येतात, हात लावतात, दार हलत नाही. मग पुजारी म्हणतात, रक्त कमी पडलं, आणि दुसरा राजा आणतात. तेवती ही राजवाड्यातल्या दिव्यांत तेल घालणारी पोरगी. आई तेल घालायची, आजीही तेलच घालायची. शेवटी ती तेलकट हात परकराला पुसते, दाराला खांदा लावते आणि ढकलते. दार उघडतं. सगळे पुजारी तोंड उघडं टाकून उभे. ती मागं वळून म्हणते, “हे बंद नव्हतंच. आम्हाला कुणी ढकलू दिलं नव्हतं.”

आणि आमचे बाबा थिएटरात उभे राहिले.

टाळ्या वाजवायला नाही. नुसते उभे. हात बाजूला सरळ, कारखान्याच्या गेटवर हजेरीला राहावं तसे. आईनं शर्ट ओढला. मागून एक पोरगा म्हणाला, “ओ काका, बसा की, दिसत नाही.”

बाबांनी वळूनही पाहिलं नाही. “बसतो,” म्हणाले. “थोडं थांबा.”

त्यानंतर महिनाभर त्यांनी ती गोष्ट स्टेशनबाहेरच्या चहाच्या टपरीवर, विहारात, भाजीवाल्याला आणि गॅसचा सिलिंडर घेऊन आलेल्या माणसालाही सांगितली. प्रत्येक वेळी सांगताना खांदा लावून दाखवायचे. मी तर त्या वाक्यावर अख्खी मोहीम उभी केली. आमच्या भागातली अभ्यासिका संध्याकाळनंतर बंद असायची. मी पत्रक काढलं, ‘ढकलून बघा!!!’ पोरं जमवली, घोषणा दिल्या, खांदा लावला. ते दार मात्र खरंच बंद होतं. कडीकोयंड्यासकट आमच्या अंगावर आलं. पुढचा पावसाळाभर अभ्यासिका दाराशिवाय चालू राहिली. मागणी मान्य झाली, असं मी मानते.

मग दादाला मुलगी झाली.

इथं थोडं घरचं सांगायला हवं. वहिनी कसबा पेठेतली. तिचं माहेर आणि आमचं घर यांच्यात लग्नाच्या वेळी जे बोलायचं ते बोलून झालं होतं, आणि जे बोलून झालं ते पुन्हा निघू नये म्हणून नंतर दोन्ही घरं फार जपून बोलायची. एकमेकांकडे गेलं की हवा, ट्रॅफिक आणि गुडघेदुखी. अशा दोन घरांत एक मूल आलं की सगळ्यांची पंचाईत होते, कारण मुलाला नाव ठेवावं लागतं आणि नाव गुडघ्यावरून ठेवता येत नाही.

वहिनीचे वडील, अप्पा, एका कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले. त्यांच्या गल्लीतल्या सगळ्या पाट्या त्यांच्या हातच्या. ‘येथे गाडी लावल्यास हवा गेलेली आढळेल.’ बस्स. उद्गारचिन्ह नाही. एकदा त्यांनी माझं एक पत्रक चष्मा वर करून पूर्ण वाचलं होतं. म्हणाले, “मित्राताई, मजकूर ठीक आहे. एवढी चिन्हं कशाला? लोकांना ऐकू येतं.” (माझं नाव संघमित्रा. अप्पा मला ताई म्हणतात ते वयामुळे नाही, अंतर राहावं म्हणून, असा माझा तेव्हा समज होता.)

नावाच्या बाबतीत वहिनीला ‘मायरा’ हवं होतं.

“मायरा म्हणजे काय?” अप्पांनी विचारलं.

“अर्थ असा काही नाही हो अप्पा, ऐकायला छान वाटतं.”

“पंख्याचा आवाजही मला छान वाटतो.”

आईला स्वतःच्या आईचं नाव, भागीरथी, हवं होतं. दादाला भांडण नको होतं, म्हणजे त्याला काहीच नको होतं. आणि मला ‘तेवती’ हवं होतं. नाव ठेवायचा हक्क आत्याचा. कानात तीच सांगते. हा जगातला एकमेव वारसाहक्क आहे ज्याच्या बाजूनं मी आजवर बोलले आहे. मी रीतसर पत्रक काढलं, ‘नाव आत्यानंच का ठेवायचं?’ आणि दोन्ही घरांच्या फ्रिजवर लावलं. कसबा पेठेत जाऊन लावलं.

“मित्रे, मुलगी माझी आहे,” दादा म्हणाला.

“म्हणून तर मी आत्या आहे.”

वहिनीनं एकच शंका काढली. बाळाला पाजता पाजता म्हणाली, “अगं, दुसरा भाग यायचाय अजून. त्यात ती मेली तर?”

“मरणार नाही. आणि मेलीच तर हुतात्मा होईल.”

“बारशाला हुतात्मा?”

पण बाबा कोपऱ्यातून म्हणाले, “तेवती चांगलं आहे.” तीन शब्द. आमच्या घरात बाबांचे तीन शब्द म्हणजे ठराव. वहिनी माझ्याकडे बघून नाही, बाबांकडे बघून हो म्हणाली.

इथं मी थांबायला हवं होतं. पण मोहीम जिंकल्यावर सभा घ्यायची असते. मी जाहीर केलं की दुसरा भाग ज्या आठवड्यात लागेल त्याच रविवारी बारसं करायचं. सकाळी दोन्ही कुटुंबं मिळून सिनेमा, संध्याकाळी विहाराच्या हॉलमध्ये नामकरण. बाळ बारा दिवसांचं असताना मी हे जाहीर केलं, तेव्हा सिनेमा पुढच्याच पंधरवड्यात लागणार होता. मग निर्मात्यांनी तारीख पुढं ढकलली. उडणाऱ्या घोड्यांचं काम बाकी होतं म्हणे. मग आणखी पुढं ढकलली. घोडे उडेनात आणि आमची मुलगी पाळण्यात बिननावाची लोळतेय. जन्मदाखल्यावर नावाचा रकाना कोरा. डॉक्टरांच्या फाईलवर ‘बेबी ऑफ’. वहिनी लाडानं ‘तेवू’ म्हणायला लागली, तर मी तिलाही अडवलं. बारशाआधी नाव घ्यायचं नाही, शिस्त आहे.

शिस्तीच्या गोष्टी मी करत होते, आणि बारशाच्या आदल्या दिवशी हॉलमध्ये फ्लेक्स मीच लावला. आडवा, भिंतभर. ‘वंशाचं नाही, हिमतीचं नाव! तेवती!’ आई घरी हरभरे भिजत घालून बघायला आली.

“कानात सांगायच्या आधी भिंतीवर?”

“आई, लोकांना आधी कळलं पाहिजे.”

“मग कानात काय सांगणार आहेस? पत्ता?”

रविवारी सकाळी आम्ही सगळे थिएटरात. आई, बाबा, दादा, अप्पा, मी. एवढ्याशा बाळाला त्या आवाजात न्यायचं नाही म्हणून वहिनी तिला घेऊन बाहेरच्या सोफ्यावर बसली. (मग आली कशाला? कारण निमंत्रणात मी ‘सहकुटुंब’ला अधोरेखित केलं होतं.) बाबांनी कडक इस्त्रीचा शर्ट घातला होता. त्यांनी कडेची खुर्ची मागून घेतली. मला कळलं, कशासाठी. उभं राहिलं तर मागच्यांना त्रास नको.

सिनेमा सुरू झाला आणि तेवती पहिल्याच दृश्यात नाचली. ठीक आहे, माणूस नाचतो. मग घोडे उडाले. ते उडतच राहिले. ज्या कामासाठी माझी भाची बिननावाची राहिली ते काम बघून घ्यावं म्हणून मी डोळे ताणून बघत होते. घोड्यांना पंख होते, पण पाय हवेतही रस्त्यावर धावल्यासारखे हलत होते. अप्पा म्हणाले, “सवय जात नाही.” दादा हसला. बाबा हसले नाहीत. ते दाराची वाट बघत होते.

मध्यंतरानंतर एक म्हातारी सुईण आली. सिनेमात म्हातारी सुईण आली की कुणाचं तरी रक्त बदलतं. तिनं तेवतीच्या खांद्यावरचं कापड बाजूला केलं. खांद्यावर चंद्रकोरीची खूण. तोच खांदा, ज्यानं दार ढकललं होतं. तेवती तेल घालणारीची मुलगी नव्हतीच. ती राणीची मुलगी. जन्मतःच बदललेली. दार ढकलल्यानं उघडलं नव्हतं, रक्तानं ओळखून उघडलं होतं. पुजारी पहिल्यापासून बरोबर होते. मग तेवतीनं मुकुट घातला आणि तिला वाढवणारी ती तेलवाली म्हातारी वाकून तिच्या पाया पडली.

थिएटरात शिट्ट्या झाल्या.

मला त्या लेखकाला विचारायचं आहे. अहो, कोट्यवधी लोकांच्या देशात, घोडे उडवायची ताकद असलेल्या तुमच्या डोक्यात, तेल घालणारी एक मुलगी शेवटपर्यंत तेल घालणारीचीच मुलगी राहून जिंकत का नाही? घोडा उडतो. हे उडत नाही. पहिल्या भागात आमच्यासारख्यांना टाळ्या वाजवायला बोलावलंत, आणि दुसऱ्यात म्हणालात, चूक झाली, ती तुमच्यातली नव्हती, परत द्या.

हे सगळं मला तिथंच म्हणायचं होतं. मी उभी राहिले आणि माझ्या तोंडून एवढंच निघालं, “निषेध!”

संघटनेत एकानं निषेध म्हटलं की पन्नास जण म्हणतात. इथं मागच्या रांगेतून “शूऽऽ” आलं, आणि एका लहान मुलीनं तिच्या आईला विचारलं, “मम्मी, या मावशींना शू आलीय का?”

मी खाली बसले. आणि त्या शांततेत अप्पा, नेहमीच्या कोरड्या आवाजात, कुणालाच उद्देशून नाही असं म्हणाले, “म्हणजे रक्तातच होतं म्हणायचं.”

दादाची मान फिरली. आईचा हात पॉपकॉर्नच्या डब्यातच राहिला. लग्नापासून इतकी वर्षं दोन्ही घरांनी जे वाक्य तोंडातून निघू नये म्हणून हवा, ट्रॅफिक आणि गुडघे सांभाळले होते, ते वाक्य अंधारात सांडलं होतं. मी बाबांकडे बघितलं. ते खाली वाकून पायातल्या सँडलचा पट्टा लावत होते. बराच वेळ लावत होते.

बाबांनी त्या दिवशी साध्या, बिनपट्ट्याच्या चपला घातल्या होत्या.

परत येताना गाडीत एसीचा आवाज तेवढा होता. पूल ओलांडला. मग बाबा खिडकीबाहेर बघत म्हणाले, “मागच्या वेळी मी उगाच उभा राहिलो.”

त्यांनी तक्रार म्हणून म्हटलं नव्हतं. चुकीच्या स्टॉपवर उतरलेला माणूस म्हणतो तसं म्हटलं होतं. आणि मला तिथल्या तिथं ते घोडे, तो लेखक, ती सुईण आणि माझा भिंतभर फ्लेक्स, सगळं एकदम पेटवून द्यावंसं वाटलं. बाबांना आयुष्यात एकदाच उभं राहावंसं वाटलं होतं. आणि आज त्यांना खाली बसवायला मीच तिकीट काढून घेऊन गेले होते.

“मी नाव मागं घेते,” मी म्हणाले.

मागच्या सीटवरून वहिनीनं विचारलं, “कुणाचं?” तिनं सिनेमा बघितलाच नव्हता. दादानं थोडक्यात सांगितलं. ती राणीची मुलगी निघाली, दार रक्तानं उघडलं, वगैरे.

“मग?” वहिनी म्हणाली.

“मग काय मग? ते नाव आता त्यांचं झालं. आपल्या मुलीला नको. मायरा ठेव. भागीरथी ठेव. मी काहीही कानात सांगेन.”

“इतके महिने मला हाक मारू दिली नाहीस.”

“चूक झाली. जाहीर माफी.”

“तुझी माफी फ्रिजवर लाव. ही आता तेवू म्हटलं की वळून बघते.”

“ती पंख्याकडेही वळून बघते.”

“मित्रे, गप बस जरा,” दादा म्हणाला. अप्पा पुढच्या सीटवर समोरच्या काचेकडे बघत होते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला, पुन्हा काढला.

संध्याकाळी हॉलमध्ये माणसं यायला लागली. आई घुगऱ्यांचं पातेलं घेऊन दारात. पाळण्याला झेंडूची माळ. मेणबत्त्या मांडलेल्या. आणि मी प्लास्टिकच्या खुर्चीवर चढून, सगळ्या पाहुण्यांसमोर, फ्लेक्सची दोरी सोडवत होते. गाठ मीच मारली होती. मोर्चाची गाठ, वाऱ्यानं सुटू नये अशी. सुटेना. खाली आत्तापर्यंत ज्यांनी फ्लेक्स वाचला नव्हता तेही वाचू लागले.

“काय झालं? नाव बदललं का?” शेजारच्या काकूंनी विचारलं.

“विचार चालू आहे,” दादा म्हणाला. बारशाला नावावर विचार चालू असलेला आमचा पहिलाच कार्यक्रम.

तेवढ्यात वहिनी बाळाला खांद्यावर घेऊन खुर्चीजवळ आली.

“मला एक सांग. तिनं दार ढकललं तेव्हा तिला माहीत होतं का, आपण राणीची मुलगी आहोत म्हणून?”

“नव्हतं.”

“म्हणजे ती तेल घालणारी म्हणूनच गेली ना दाराशी?”

“हो, पण दुसऱ्या भागात...”

“दुसरा भाग मी बघितलेला नाही,” वहिनी म्हणाली. “हिनंही नाही. आम्ही दोघी बाहेर सोफ्यावर होतो.”

मी संघटनेत इतकी वर्षं आहे. वादात गप्प बसायचं ट्रेनिंग आम्हाला देत नाहीत. मी नुसती दोरी धरून उभी राहिले.

“मित्राताई, खाली या,” अप्पांचा आवाज आला. “ती खुर्ची मला द्या. आणि तो काळा मार्कर.”

मी उतरले. अप्पा चढायला लागले, तशी खुर्ची डुगडुगली. बाबा भिंतीशी उभे होते. ते पुढं आले आणि त्यांनी खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले. अप्पांनी माझ्या ‘तेवती!’कडे क्षणभर बघितलं. पहिल्यांदा त्यांनी उद्गारचिन्ह खोडलं. (राहवलं नसणार.) मग त्याच्याखाली, त्यांच्या त्या रेखीव पाटीच्या अक्षरात, सावकाश लिहिलं:

(भाग पहिला)

आणि अक्षरांवर शिरोरेघ ओढता ओढता, खाली न बघता म्हणाले, “सकाळी थिएटरात मी बोललो ते त्या सिनेमावाल्याचं म्हणणं होतं. तोंडातून वाकडं निघालं. आमचं म्हणणं नव्हे.”

बाबा खुर्ची धरून वर बघत होते. “रेघ जरा तिरकी जातेय,” म्हणाले.

“आपली खुर्ची हलतेय.”

“धरलीय मी. काढा सावकाश.”

रेघ सरळ झाली. अप्पा बाबांच्या खांद्यावर हात टेकून उतरले. उतरल्यावरही हात काही वेळ तिथंच होता. गुडघ्यांमुळे असेल.

मग सगळे खाली बसले. त्रिशरण-पंचशील झालं. मेणबत्तीच्या उजेडात बाळ टक्क डोळ्यांनी भिंतीवरच्या माझ्या अक्षरांकडे बघत होतं. मी पाळण्यावर वाकले आणि तिच्या कानात ते नाव सांगितलं, ज्याच्यासाठी मी दोन घरं, दोन फ्रिज आणि एक सिनेमा वेठीला धरला होता. फक्त नाव सांगितलं. घोषणा नाही, मागणी नाही. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात लहान मजकूर.

आत्या नाव सांगत असताना तिच्या पाठीवर बुक्के मारायची पद्धत आहे. लुटुपुटीचे मारतात, हसत हसत. त्या दिवशी ती पद्धत कुणी पाळली नाही. आईनं फ्लेक्ससाठी मारला. दादानं गाडीतल्या बडबडीसाठी. वहिनीनं जन्मदाखल्याच्या कोऱ्या रकान्यासाठी मारला, आणि तिचा हात सगळ्यात जड होता. अप्पांनी मारला तो मात्र हलका होता, म्हणाले, “चिन्हांचा.”

दादानं नाव मोठ्यानं पुकारलं, “तेवती!” टाळ्या झाल्या. मी पाठ चोळत मान वर केली, तर समोरच्या रांगेत बाबा उभे. हात बाजूला सरळ. इस्त्रीचा शर्ट. फोटोग्राफर कॅमेरा डोळ्याला लावून वाकला होता.

“काका, बसा की जरा, पाळणा दिसत नाहीये.”

“बसतो,” बाबा म्हणाले. “थोडं थांबा.”

आता तेवती रांगते. दादा-वहिनी आमच्याकडे आले की ती घरभर फिरते आणि दिसेल ते दार डोक्यानं ढकलते. परवा मी खोलीत बसून ‘काळदरी’च्या निर्मात्यांविरुद्ध पत्रक लिहीत होते. तिसरा भाग येतोय. त्यात तेवतीचं लग्न आहे म्हणे, राजपुत्राशी. माझे मुद्दे जोरात होते, चिन्हंही भरपूर होती. दार नुसतं लोटलेलं होतं. ते उघडलं, तेवती आत आली, खुर्चीला धरून उभी राहिली आणि तिनं टेबलावरचं पत्रक ओढून घेतलं. मला भरून आलं. इतक्या महिन्यांनी घरातल्या कुणीतरी माझं पत्रक स्वतःहून हातात घेतलं होतं.

तिनं ते खाल्लं. उद्गारचिन्हं मात्र थुंकून टाकली, असं अप्पा सगळ्यांना सांगतात.